न दुखणारा हात

तापलेल्या तव्याला चुकून बोट लागले तर काय होते, हे कोणाही गृहिणीला सांगावयास नको. हात झटकन मागे येतो, 'आई गं' हा उद्गार तोंडातून निघतो, आणि मग बोटाची आग होऊ लागते. वाचकांनी हा क्रम मात्र जरा बारकाईने पाहावा. आपली समज अशी की, आधी पोळते, मग दुखते आणि दुखते म्हणून आपण हात काढून घेतो. प्रत्यक्षात हात काढून घेण्याचे काम 'आपण' करीतच नाही. पोळल्याची वर्दी मेंदूपर्यंत पोहोचून तिचा अर्थ लागण्यापूर्वीच हात तव्यापासून दूर झालेला असतो. घरातील कर्त्या माणसाला जाग येण्याआधीच देवडीवरच्या पहारेकऱ्याने चोराला हुसकून लावावे, तसा हा प्रकार आहे.

या पहाऱ्याची व्यवस्था कशी आहे, आणि मुख्य म्हणजे ती बंद पडली तर काय ओढवते, याचा विचार आज आपण करणार आहोत.

मेंदू आणि त्याला जोडून पाठीच्या कण्यातून खाली गेलेला मज्जारज्जू ही शरीराची मध्यवर्ती कचेरी. या दोहोंपासून निघून डोळे, कान, त्वचा, स्नायू आणि अंतरिंद्रिये यांच्यापर्यंत पसरलेले जे जाळे, त्याला परिघीय मज्जासंस्था म्हणतात. मेंदूपासून मज्जातंतूंच्या १२ जोड्या निघतात, मज्जारज्जूपासून ३१. आपण बोलताना रक्तवाहिनीलाही 'शीर' म्हणतो, मज्जातंतूलाही 'शीर' म्हणतो, आणि पायात गोळा आला तरी 'शीर चढली' असेच म्हणतो. त्यामुळे या विषयात पुष्कळ घोटाळा होतो. मज्जातंतूतून रक्त वाहत नाही. तो अतिशय बारीक धाग्यांची जुडी असतो. त्यांतील काही धागे बातमी आत आणतात, काही हुकूम बाहेर नेतात. मज्जारज्जूला जोडताना मात्र या दोन प्रकारच्या धाग्यांची फारकत होते. बातमी आणणारे पाठीच्या बाजूने आत शिरतात, हुकूम नेणारे पोटाच्या बाजूने बाहेर पडतात. फ्रान्समधील माजांदी या शास्त्रज्ञाने १८२२ साली प्राण्यांवर प्रयोग करून ही गोष्ट सिद्ध केली. इंग्लंडच्या चार्ल्स बेल यांनी तत्पूर्वी १८११ साली या शोधाचा काही भाग मांडला होता. त्यामुळे श्रेय कोणाचे, यावर दोन देशांत बरीच वादावादी झाली.

आता पुन्हा तव्याकडे वळू. बोटाच्या त्वचेतील तंतूंच्या टोकांना उष्णतेचा उपद्रव होतो. ती बातमी हातातून वर चढून मानेजवळ मज्जारज्जूत शिरते. तेथे अगदी थोड्या पेशींच्या मध्यस्थीने तिचा निकाल लागतो, दंड आणि कोपर आखडणाऱ्या स्नायूंना हुकूम सुटतो आणि हात मागे येतो. एवढ्या सगळ्याला लागणारा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. बातमीची एक प्रत वर मेंदूकडेही जाते, परंतु ती केवळ माहितीसाठी. या प्रकाराला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात.

मज्जारज्जूचा हा निकाल आंधळा नसतो. अनवाणी चालताना काटा रुतला तर तो पाय वर उचलला जातो आणि त्याच क्षणी दुसरा पाय ताठ होऊन अंगाचा सारा भार सावरतो. तसे न होते तर काटा रुतलेला प्रत्येक माणूस तोंडावर आपटला असता. मेंदूला या क्रियेत हस्तक्षेप करता येत नाही, असेही नाही. उकळत्या दुधाचे पातेले हातात आहे, सांडशी सुटली आहे, चटका बसतो आहे, आणि खाली पायाशी मूल खेळते आहे; अशा वेळी आई पातेले टाकीत नाही. ओठ चावून ती ते ओट्यापर्यंत नेते आणि मगच हात सोडते. मज्जारज्जू 'सोड' म्हणत असतो आणि मेंदू त्याला थोपवून धरीत असतो. असे थोपवणे म्हणजे नुसते स्वस्थ बसणे नव्हे. तीही मज्जासंस्थेची एक स्वतंत्र, सक्रिय कृती आहे, हे इंग्लंडच्या चार्ल्स शेरिंग्टन यांनी दाखवून दिले. त्यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक एडगर एड्रियन यांच्याबरोबर विभागून मिळाले.

पूर्वी शाळेच्या पुस्तकांत मज्जातंतूंना तारायंत्राची उपमा देत असत. आपल्याकडील तारसेवा २०१३ साली बंद झाली, उपमा मात्र टिकून आहे आणि ती थोडी फसवी आहे. तारेतील संदेश डोळ्याचे पाते लवण्याआधी शेकडो कोस जातो. मज्जातंतूतील संदेशाला तो वेग नाही. तो मोजताच येणार नाही, असे थोर शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांना वाटत असे. त्यांचेच शिष्य हेल्महोल्ट्झ यांनी १८५० साली बेडकाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून तो मोजला. तो सेकंदाला सुमारे २७ मीटर भरला. माणसाच्या शरीरात तर सर्व धागे सारख्या वेगाचे नाहीतच. स्पर्शाची बातमी आणणारे जाड धागे सेकंदाला ५० मीटर किंवा त्याहूनही अधिक धावतात. टोचल्याची तीक्ष्ण कळ आणणारे धागे त्यांच्याहून बारीक आणि सावकाश असतात. मागाहून येणारी ठसठस ज्या अतिबारीक धाग्यांतून येते, त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर असतो. अंधारात पायाच्या अंगठ्याला ठेच लागली की आधी एक चमक निघते, मग क्षणभर काहीच नाही, आणि 'आता दुखणार' असे आपण मनात म्हणतो न म्हणतो तोच खरी कळ येऊन थडकते. ती क्षणभराची उसंत म्हणजे या धाग्यांच्या वेगांतील अंतर होय.

डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखाली रबराची हातोडी हळूच मारून पाय उडतो की नाही हे पाहतात, तेही याच व्यवस्थेच्या तपासणीसाठी. पुष्कळांना ती गंमत वाटते. पण त्या एका ठोक्याने बातमी आणणारा धागा, मज्जारज्जूचा तो भाग, हुकूम नेणारा धागा आणि मांडीचा स्नायू या चारही गोष्टी एका दमात तपासून होतात.

मांडणी अशी चोख असली तरी तिच्यात काही नाजूक जागा आहेत. त्यांपैकी एक प्रत्येकाला ठाऊक असते. दाराच्या चौकटीवर कोपर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात; वीज चमकल्यासारखे होते. तेथे हाडाच्या खाचेतून, त्वचेच्या अगदी खालून एक मज्जातंतू जातो आणि करंगळी, तिच्या शेजारच्या बोटाचा अर्धा भाग आणि तळहातातले पुष्कळसे लहान स्नायू त्याच्यावर अवलंबून असतात. दुसरी अशीच उघडी जागा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस, तिसरी पायाच्या आतल्या घोट्यामागे. इतर मज्जातंतू मांसाच्या उबेत खोल लपलेले असतात. हे मात्र त्वचेलगत असल्यामुळे शरीराच्या मानाने थंड राहतात.

नेमकी हीच थंडाई एका जंतूला मानवते. नॉर्वेतील बर्गेन येथे हान्सेन या डॉक्टरांनी १८७३ साली तो जंतू शोधून काढला. तोच कुष्ठरोगाचा जंतू. रोगजंतूंमध्ये तो मोठा विचित्र म्हटला पाहिजे. बशीत अन्न घालून इतर जंतू वाढवितात, तसा तो अजूनही कोणाला वाढविता आलेला नाही. माणसाच्या अंगात शिरल्यावर तो वर्षानुवर्षे गप्प राहू शकतो. आणि ज्या पेशी मज्जातंतूच्या धाग्याभोवती आवरण घालतात, त्यांच्यात जाऊन बसणे त्याला आवडते. आवरण सुजते, मज्जातंतू दोरीसारखा जाड होतो आणि त्यातील धागे एकामागून एक मुके होतात.

'महारोगाने बोटे झडतात', ही समजूत आपल्या समाजात इतकी खोलवर रुजली आहे की, सुशिक्षितांनाही तिची शंका येत नाही. ती खोटी आहे, हे दाखवून देण्याचे मोठे श्रेय तामिळनाडूतील वेल्लोर येथे काम केलेल्या पॉल ब्रँड या शल्यचिकित्सकाकडे जाते. ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तामिळनाडूतीलच कोल्ली डोंगरात झाला. त्यांचे शिक्षण इंग्लंडमध्ये झाले आणि १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकविण्यासाठी आले. तेथे कुष्ठरुग्णांचे हात तपासताना त्यांना एक गोष्ट खटकू लागली. बोटे आखूड झालेली, जखमांनी भरलेली. परंतु पकड मात्र दणकट! एकदा एका कोठाराचे गंजलेले कुलूप त्यांच्याने उघडेना. कुष्ठरोग झालेला एक किडकिडीत मुलगा पुढे आला आणि त्याने किल्ली फिरवून ते उघडून दिले. ब्रँड यांनी त्याचा हात पाहिला, तो बोट हाडापर्यंत कापलेले होते. मुलाला त्याचा पत्ताही नव्हता.

मग ब्रँड आणि त्यांचे सहकारी रुग्णांच्या प्रत्येक जखमेचा माग काढू लागले. कोणी निखाऱ्यातले रताळे हातानेच बाहेर काढी, कोणी चपलेत घुसलेल्या खिळ्यावर दिवसभर चाले, कोणी फोड आलेल्या हाताने खोरे ओढीतच राही. पण काही जखमांचा उलगडा काही केल्या होईना. रात्री धडधाकट असलेल्या बोटाचा तुकडा सकाळी नाहीसा झालेला असे. शेवटी रात्रभर जागून पहारा करण्यात आला, तेव्हा कळले की, झोपलेल्या रुग्णांची बोटे उंदीर कुरतडीत होते आणि वेदनाच नसल्यामुळे कोणाला जाग येत नव्हती. तेव्हापासून तेथून घरी जाणाऱ्या रुग्णाबरोबर एक मांजर देण्याची प्रथा पडली. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात मांजराचा असा उपयोग दुसरीकडे क्वचितच झाला असेल.

थोडक्यात, बोटे झडत नाहीत. भाजतात, कापतात, जखमा चिघळतात, पू हाडापर्यंत पोहोचतो आणि हाड झिजत जाते. कारण तव्यावरून हात मागे ओढणारा पहारेकरी मेलेला असतो. वाकड्या झालेल्या बोटांचे कारणही मज्जातंतूतच आहे. हुकूम नेणारे धागे गेले की तळहाताचे लहान स्नायू लुळे पडतात आणि बोटे नखीसारखी आखडतात. ब्रँड यांनी कोपराखालच्या हातातील शाबूत स्नायूंच्या दोऱ्या वळवून त्या बोटांना जोडल्या आणि असे अनेक हात पुन्हा कामाला लावले.

पुढे ब्रँड अमेरिकेत, लुइझियाना राज्यातील कारव्हिल येथील कुष्ठरोग इस्पितळात गेले. तेथे त्यांनी एक विलक्षण खटपट केली. ज्याला वेदना नाही त्याला यंत्राने कृत्रिम वेदना देता येईल का? हातमोज्यात दाब मोजणारी साधने बसविली. धोका झाला की कानात शिटी वाजावी अशी योजना केली. रुग्ण शिटीकडे दुर्लक्ष करीत. मग शिटीच्या जागी काखेत विजेचा झटका बसेल असे केले. तेव्हा रुग्ण काय करीत? एखादे अवघड काम करावयाचे झाले की आधी यंत्र बंद करीत, काम उरकीत आणि मग ते पुन्हा चालू करीत. हा प्रयत्न शेवटी सोडून द्यावा लागला. खरी वेदना बंद करण्याची कळ आपल्या हाती नसते, आणि तिचा सारा उपयोग त्यातच आहे.

येथवर वाचून 'हा रोग आता गेला ना?' असे कोणी विचारील. डिसेंबर २००५ मध्ये, देशातील रुग्णांचे प्रमाण दर १०,००० लोकसंख्येमागे एकाहून कमी झाले, हे खरे. परंतु कमी होणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. आजही आपल्या देशात दरवर्षी एक लाखाच्या आसपास नवे रुग्ण आढळतात. जगातील एकूण नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपल्याकडचे आहेत. त्यांतल्या पुष्कळांना उशीर होतो, आणि उशिराचे कारण मोठे साधे आहे: दुखत नाही म्हणून कोणी डॉक्टरकडे जात नाही. फिकट किंवा तांबूस चट्टा दिसतो. तो खाजत नाही, दुखत नाही. 'असेल काही उन्हाने झालेले', असे म्हणून घरची मंडळी सोडून देतात. कोणाला संशय आलाच, तर मुलीच्या लग्नाचा विचार करून तो झाकून ठेवतात. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणाऱ्या तरतुदी संसदेने २०१९ साली कायद्यांतून काढून टाकल्या. घरोघरचा धाक काढून टाकणे संसदेच्या हाती नाही.

वास्तविक असा चट्टा पारखणे अगदी सोपे आहे. माणसाला डोळे मिटावयास सांगावे आणि कापसाच्या बारीक वातीने आधी निरोगी त्वचेला, मग चट्ट्याला हलकेच स्पर्श करावा. जेथे स्पर्श झाला तेथे त्याने बोट ठेवून दाखवावे. चट्ट्यावर त्याला स्पर्श कळला नाही, तर दुसऱ्याच दिवशी सरकारी आरोग्य केंद्र गाठावे. चट्टा नसतानाही करंगळी बधिर झाली असेल, हातातून वस्तू सुटत असतील किंवा चालताना पायाचा चवडा खाली लोंबत असेल, तरीही जावे. तेथे औषध विनामूल्य मिळते. एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याची ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली सुचविली. रोगाच्या स्वरूपानुसार ती ६ किंवा १२ महिने घ्यावी लागतात आणि रोग पूर्ण बरा होतो. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णापासून इतरांना संसर्ग होण्याचे भय राहत नाही. त्यामुळे ताट-वाटी वेगळी काढण्याचे काहीच प्रयोजन नाही.

घाई कशासाठी, तेही सांगितले पाहिजे. औषध जंतूला मारते. मेलेला धागा मात्र ते जिवंत करीत नाही. मज्जातंतू नुकताच सुजला असेल, बधिरपणा किंवा लुळेपणा येऊन सहा महिने झालेले नसतील, तर सूज उतरविणाऱ्या औषधांनी गेलेली संवेदना आणि बळ पुष्कळदा परत येते. त्यानंतर आशा झपाट्याने कमी होत जाते. मज्जातंतूचा कापलेला धागा अनुकूल स्थितीत पुन्हा वाढू शकतो, परंतु दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर या गतीने. कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे अंतर वाचकांनी स्वतःच मोजून पाहावे.

हेच संकट दुसऱ्या एका वाटेने आज कितीतरी अधिक घरांत शिरले आहे. ती वाट मधुमेहाची. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. वाढलेली साखर मज्जातंतूंना हळूहळू निकामी करते, आणि जे धागे सर्वांत लांब त्यांना आधी. म्हणून सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांपासून होते आणि बधिरपणा मोजा चढवावा तसा वर चढत जातो. पायांना मुंग्या येतात, रात्री आग होते, कापसावरून चालल्यासारखे वाटते. टाचेमागच्या जाड दोरीवर हातोडी मारली तर पाऊल उडत नाही. ही प्रतिक्षिप्त क्रिया मधुमेहात लवकर जाते. कुष्ठरोगात हातपाय बधिर झाले तरी ती बहुधा शाबूत राहते, आणि डॉक्टरांना दोहोंतील फरक ओळखण्यास तिची मदत होते.

घरातील वडीलधाऱ्या मधुमेही माणसाच्या पायाला गरम पाण्याची पिशवी लावून शेक देणे हा आपल्याकडे सेवेचा प्रकार समजला जातो. हेतू उत्तम, पण परिणाम कित्येकदा भयंकर. पाण्याची ऊब सोसवते की नाही हे त्या पायाला कळतच नाही. फोड येतो तो सकाळी सुनेला दिसतो. पाणी कढत आहे की नाही, ते दुसऱ्याने आपल्या कोपराने पाहावे. उन्हाळ्यात दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालण्याचेही तसेच. पहाटे जावे, देव रागावणार नाही. रात्री निजण्यापूर्वी दोन्ही तळवे दिव्याजवळ धरून पाहावेत, स्वतःला वाकता येत नसेल तर नातवंडाकडून पाहवून घ्यावेत, आणि चपलेत हात घालून खडा किंवा खिळा नाही याची खात्री केल्याशिवाय ती पायात घालू नये. कुष्ठरोग किंवा मधुमेह यांमुळे पाय बधिर झालेल्यांसाठी आत मऊ रबर असलेल्या चपला मिळतात. कुष्ठरुग्णांना त्या आरोग्य खात्याकडून दिल्या जातात.

राहता राहिला डोळा. बुबुळाला धुळीचा कण लागला की पापणी मिटते, ही सर्वांत चपळ प्रतिक्षिप्त क्रियांपैकी एक. कण लागल्याची बातमी एक मज्जातंतू नेतो आणि पापणी मिटण्याचा हुकूम दुसरा आणतो. कुष्ठरोगात हे दोन्ही बिघडू शकतात. मग डोळा उघडा राहतो, कोरडा पडतो, कचरा सलत नाही, आणि न सलणाऱ्या कचऱ्याने बुबुळावर जखम होऊन दृष्टी जाते. अशा रुग्णांना इस्पितळात पापणी मिटावयास शिकवितात. दिवसभरात वारंवार दिसणारी एखादी गोष्ट ठरवून दिली जाते, रस्त्यावरचे झाड म्हणा, विजेचा खांब म्हणा, आणि ती दिसली की डोळे घट्ट मिटावयाचे. झाड आले, मिटले; खांब आला, मिटले. आरसा समोर धरून आठवडेच्या आठवडे हा अभ्यास करावा लागतो.